जिना चढताना धाप का लागते?

तिसऱ्या मजल्यावर पोहोचताच धाप लागली की दोष फुप्फुसांना दिला जातो. बिचाऱ्यांवर उगाच आळ! निरोगी माणसाच्या रक्तात तेव्हाही प्राणवायू जवळजवळ पुरेपूर असतो. राबणारे स्नायू भराभर कार्बन डायऑक्साइड तयार करतात; तो साचू नये म्हणून मेंदू श्वास वाढवतो. एरवी मिनिटाला सुमारे ६ लिटर हवा पुरते, जोरात धावताना १०० लिटरही लागते. रोजच्या सवयीने काही आठवड्यांत तोच जिना सोपा होतो.

मात्र नेहमीच्याच कामात नव्याने धाप लागू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे कित्येक स्त्रियांच्या बाबतीत कारण असते रक्तक्षय. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी! रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. धापेबरोबर छातीत दुखत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांना गाठावे.