घर परवडतं, पण मानवतं का?

२०१७ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत एडिसनजवळ राहत होतो. शनिवारी सकाळी पोहे परतणं चालू असताना दारावर टकटक झाली. गळ्यात फोटोचं ओळखपत्र आणि हातात लॅपटॉप घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. सेन्सस ब्युरोकडून आल्या होत्या. आमचा पत्ता ‘अमेरिकन हाउसिंग सर्व्हे’साठी निवडला गेला होता म्हणे. आधी पत्रही आलं होतं, ते मी जाहिरातींच्या गठ्ठ्याबरोबर फेकून दिलं होतं.

एच-वनवरच्या माणसाला सरकारी ओळखपत्र दिसलं की उगाचच पोटात गोळा येतो. मी बाईंना बसायला सांगितलं आणि परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं द्यायला लागलो. गेल्या बारा महिन्यांत घरात पाणी गळलं का? नाही. भिंतीवर कागदाच्या पानाहून मोठा रंगाचा पोपडा आहे का? नाही. हिवाळ्यात चोवीस तास किंवा जास्त वेळ घर गारठलं होतं का? नाही. उंदीर, झुरळं? छे!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा मराठीत आवाज आला, “अरे, खोटं कशाला सांगतोस? तो कोपऱ्यातला पोपडा त्यांना दिसत नाही का?”

पोपडा होता. त्यामागे ओल होती, कुबट वास होता, आणि आमची तीन वर्षांची मुलगी जानेवारीपासून रात्री खोकत होती. अर्धवट जमिनीखालचं ते अपार्टमेंट मी स्वस्त म्हणून घेतलं होतं. डाउन पेमेंटसाठी पैसे साठवायचे होते. शिवाय माझं बालपण डोंबिवलीच्या चाळीत गेलेलं. पावसाळ्यात भिंतीला ओल येणारच, हे मनात पक्कं. पण डोंबिवलीत दिवाळीपर्यंत भिंती वाळायच्या. इथे खिडक्या सहा महिने बंद, आणि ओल बारमाही.

मी सगळी उत्तरं बदलली. बाईंनी शांतपणे पुन्हा टाइप केलं.

नंतर कुतूहल म्हणून या पाहणीची माहिती काढली. घरबांधणी खात्यासाठी, म्हणजे ‘हड’साठी, सेन्सस ब्युरो ही पाहणी १९७३ पासून करतो. आता ती एक वर्षाआड, विषम वर्षांत होते. देशातल्या सर्वांत मोठ्या पंधरा महानगर क्षेत्रांचे वेगळे आकडे दर वेळी निघतात आणि इतर काही महानगरं आलटून पालटून घेतली जातात. गंमत म्हणजे यात माणूस नाही, घर निवडलं जातं. तुम्ही सोडून गेलात तरी पुढच्या फेरीत त्याच दारावर टकटक होते. भाग घेणं ऐच्छिक आहे आणि उत्तरं कायद्याने गुप्त असतात. ती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र दारात आलेल्याचं ओळखपत्र नीट पाहा. फोटो, वाणिज्य खात्याचं चिन्ह आणि मुदतीची तारीख त्यावर असते. बँक खात्याचा नंबर किंवा पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर मागितला, तर समोरचा माणूस सेन्ससचा नाही असं समजा.

या पाहणीने मला घराकडे बघायचे दोन चष्मे दिले.

पहिला खर्चाचा. आपण मंडळी ‘भाडं किती?’ एवढंच विचारतो. पाहणीत भाड्याबरोबर वीज, गॅस, पाणीही मोजतात. मालकाच्या बाबतीत मॉर्गेज, प्रॉपर्टी टॅक्स, विमा आणि असोसिएशनची फी. ही बेरीज कर कापण्याआधीच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर गेली तर घर खर्चाचं ओझं झालं, ५० टक्क्यांवर गेली तर भारी ओझं, असं मानतात. हा ३० चा आकडा काही निसर्गनियम नव्हे. सरकारी घरांच्या भाड्याची मर्यादा १९६९ मध्ये २५ टक्के ठरली होती, ती १९८१ मध्ये ३० झाली. तिथून तो रूढ झाला.

आमचं गणित असं होतं. महिन्याचं उत्पन्न ६,५०० डॉलर. भाडं १,३५० आणि विजेच्या हीटिंगसकट बिलं २००, एकूण १,५५०. म्हणजे सुमारे २४ टक्के. मी स्वतःवर खूश! दुसऱ्या मजल्यावरचं कोरडं घर १,८५० ला मिळत होतं, हीटिंग भाड्यातच, वीज ९०. एकूण १,९४०, म्हणजे ३० टक्क्यांच्या काठावर. फरक महिन्याला ३९० डॉलरचा. पण डॉक्टरच्या फेऱ्या, औषधं, डीह्युमिडिफायर आणि बायकोच्या बुडालेल्या रजा मी कोणत्या रकान्यात लिहिल्या होत्या? कुठल्याच नाही.

दुसरा चष्मा घराच्या प्रकृतीचा. ओल, बुरशी, झुरळं आणि उंदीर यांचा दम्याशी जवळचा संबंध आहे, हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. त्याचे पोपडे आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. अशा बहुतेक घरांबाबत जी माहिती असेल ती करारापूर्वी देणं आणि शिशाची पुस्तिका हातात ठेवणं, हे मालकावर बंधनकारक आहे. तळघर किंवा तळमजला असेल तर रेडॉनची चाचणी करा. हा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कर्करोगाचं कारण आहे. आकडा ४ किंवा त्याहून वर आला तर उपाय करावा, असं पर्यावरण खातं सांगतं.

नवीन घर बघायला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी:

१. पावसानंतरच्या दिवशी जा. कपाटांचे कोपरे, सिंकखालची जागा आणि खिडक्यांच्या कडा हात लावून बघा.
२. आधीच्या भाडेकरूची हिवाळ्यातली बिलं विचारा.
३. शेजाऱ्याला विचारा, गेल्या हिवाळ्यात हीटिंग किती वेळा बंद पडलं?
४. तक्रार लेखी करा, तारखेसह फोटो ठेवा. मालकाने दाद दिली नाही तर गावाच्या घर-तपासणी कार्यालयाला कळवा. राहण्याजोगं घर मागणं हा भाडेकरूचा हक्क आहे, व्हिसा कुठलाही असो.

आमच्या मालकाने दोनदा नुसता रंग फासला. २०१८ च्या मार्चमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो. डाउन पेमेंट दीड वर्षं पुढे ढकललं गेलं. मुलीचा रात्रीचा खोकला मेच्या सुमारास थांबला. घर बदलल्यामुळे की ऋतू बदलल्यामुळे, हे मी इंजिनिअर म्हणून छातीठोकपणे सांगणार नाही. बाप म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे.

२०१९ मध्ये त्या जुन्या दारावर पुन्हा टकटक झाली असेल. तिथल्या नव्या बिऱ्हाडाने पहिल्याच फटक्यात खरं सांगितलं असेल, अशी आशा करतो.