जिब्राल्टर फार्मचं कोठार

लंडनहून एडिनबरोकडे निघालेली रेल्वे सँडी स्टेशन सोडून पुढे गेली, की उजव्या हाताला बेडफर्डशरची सपाट शेतं पसरतात. त्यांच्या पलीकडे एव्हर्टन गावची बुटकी टेकडी दिसते. या शेतांमध्ये लाकडी फळ्यांचं एक जुनं कोठार उभं आहे. रुळांच्या डाव्या बाजूला, ग्रेट ऊझ नदीच्या काठी, टेम्प्सफर्ड. वस्ती जेमतेम सहाशेच्या आसपास, आणि तीही हमरस्त्याने दोन तुकड्यांत विभागलेली: चर्च एंड आणि लँगफर्ड एंड. हजार वर्षांपूर्वी डेन लोकांनी इथे गढी बांधली होती. 917 साली एडवर्ड राजाच्या फौजेने ती जिंकली. त्यानंतर गावाच्या वाट्याला शेती आणि रहदारी यापलीकडे फारसं काही आलं नाही, ते थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत.

1941 साली इथे धावपट्ट्या झाल्या. पुढच्या वसंतात ब्रिटिश हवाई दलाच्या 138 आणि 161 या दोन स्क्वाड्रन मुक्कामाला आल्या. त्यांचं मुख्य काम बॉम्ब टाकण्याचं नव्हतं. जर्मनांनी व्यापलेल्या देशांत माणसं, शस्त्रं आणि वायरलेस संच पोहोचवायचे आणि जमेल तेव्हा माणसं परत आणायची, यासाठी त्या होत्या. ही माणसं बहुतेक एसओई या गुप्त संघटनेची. चर्चिलने 1940 साली ती उभी केली, ती शत्रूच्या पाठीमागे घातपात आणि उठाव घडवण्यासाठी. 161 स्क्वाड्रनचा गाभा तर राजाच्या खास विमानताफ्यातून आलेला. त्या ताफ्याचे प्रमुख एडवर्ड फील्डन पुढे टेम्प्सफर्ड तळाचेच प्रमुख झाले.

तळाचं वेळापत्रक चंद्राच्या हाती होतं. शुद्ध अष्टमीच्या सुमारास लगबग सुरू व्हायची आणि वद्य अष्टमीपर्यंत चालायची. नदीचं वळण, रेल्वेचे रूळ, जंगलाची कड हे सगळं वरून ओळखून वाट काढायची, तर चांदणं हवंच. त्यातून ढग आले की सगळी तयारी फुकट. तिकडे फ्रान्समध्ये लोक बीबीसीवरच्या निरर्थक वाटणाऱ्या खासगी निरोपांकडे कान लावून बसलेले असत. ठरलेलं वाक्य ऐकू आलं, की आज विमान येणार असं समजायचं.

निघणाऱ्यांची शेवटची तयारी जिब्राल्टर फार्मच्या त्या कोठारात होई. तळच मुळी वरून पाहणाऱ्याला मोडकळीला आलेली शेतवाडी वाटावी असा बेतलेला होता, त्यामुळे कोठार कोठारासारखंच ठेवलं होतं. आत मात्र बारकाईने झडती चाले. खिसे उलटे करून पाहायचे: लंडनच्या बसचं तिकीट, सिनेमाचा अर्धा फाटलेला पास, इंग्रजी काडेपेटी, काहीही राहता कामा नये. कपड्यांची लेबलं आधीच उसवलेली असत. शिवणही फ्रेंच पद्धतीची हवी. बटणाचा दोरा इंग्रज शिंपी फुलीसारखा ओवतात, तिकडचे समांतर. एवढ्याशा फुलीवरून माणूस पकडला जाऊ शकतो, हे ओळखून कुणीतरी बटणं पुन्हा लावायला बसत होतं. मग खोटी कागदपत्रं, पैसे, पिस्तूल आणि हवी असेल त्याला विषाची गोळी. मला या जागेबद्दल सगळ्यात जास्त काही वाटत असेल तर ते या झडतीबद्दल. अनोळखी माणसाच्या जिवाची इतकी काळजी करणारे हात या कोठारात होते.

जड कामाला हॅलिफॅक्स ही चार इंजिनांची विमानं. त्यांच्या तळाला पाडलेल्या भोकातून, हिरवा दिवा लागताच, एकामागोमाग एक उड्या. नॉर्वेतल्या वेमोर्कच्या जडपाण्याच्या कारखान्यावर ज्यांनी घाला घातला त्यांच्यापैकी सहा जण फेब्रुवारी 1943 मध्ये इथूनच गेले आणि हार्डांगरच्या बर्फाळ पठारावर उतरले. पंधरवड्याच्या आत अणुबॉम्बच्या जर्मन प्रयत्नांना लागणारं ते पाणी वाहून गेलं.

हॉलंडची कहाणी याच्या अगदी उलट. तिथला एक वायरलेस चालवणारा पकडला गेला आणि त्याच्याच संचावरून जर्मन लंडनशी बोलू लागले. पकडल्या गेलेल्या माणसाने संदेशात ठरलेली खूण मुद्दाम गाळली, म्हणजे लंडनने सावध व्हावं. लंडनने दुर्लक्ष केलं. त्यापुढे वर्षाहून अधिक काळ सुमारे पन्नास एजंट एकेक करून शत्रूच्या हातात अलगद उतरत राहिले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले. त्यांना नेणारी विमानंही पडली. टेम्प्सफर्डच्या वैमानिकांनी आपलं काम चोख केलं होतं. घात झाला तो कचेरीत बसलेल्यांच्या हलगर्जीपणाने. हे विसरून या तळाचे गोडवे गाणं मला पटत नाही.

जिथे उडी न मारता उतरायचं असे, तिथे लायसँडर. एका इंजिनाचं, उंच पंखांचं हे विमान मुळात सैन्याच्या टेहळणीसाठी केलेलं. त्याच्या बंदुका काढल्या, पोटाखाली जादा पेट्रोलची टाकी बांधली, डाव्या कुशीला शिडी पक्की केली. वैमानिक एकटाच, मांडीवर नकाशा आणि हातात दांडा. पलीकडच्या कुरणात काठ्यांना बांधलेल्या तीन बॅटऱ्या उलट्या एल अक्षरासारख्या मांडलेल्या: दोन एका रेषेत 150 यार्डांवर, तिसरी बाजूला. खालून ठरलेलं मोर्सचं अक्षर लुकलुकलं तरच उतरायचं, नाहीतर तसंच परत फिरायचं. पहिल्या बॅटरीपाशी चाकं टेकवायची, दुसरीपाशी वळायचं, परत पहिलीशी येऊन वाऱ्याला तोंड करायचं. आलेले शिडीने उतरत, जाणारे चढत. इंजिन चालूच. सगळं जमलं तर तीन-चार मिनिटांत विमान पुन्हा हवेत. लायसँडर राहायला टेम्प्सफर्डला असत, पण फ्रान्सच्या फेऱ्यांसाठी दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमीरहून निघत.

असंच एक लायसँडर 16 जून 1943 च्या रात्री नूर इनायत खानला घेऊन गेलं आणि आँजे शहराजवळच्या कुरणात उतरलं. नूरचे वडील इनायत खान बडोद्याचे. आईकडून त्यांचे आजोबा मौला बक्ष, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात गायनशाळा सुरू करणारे गवई. नूर स्वतः मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळ वाढली, वीणा वाजवायची, मुलांसाठी जातककथा लिहायची. व्यापलेल्या फ्रान्समध्ये वायरलेस चालवायला पाठवलेली ती पहिली स्त्री. ती पोहोचली आणि काही दिवसांतच तिचं सगळं जाळं धरपकडीत उद्ध्वस्त झालं. परत बोलावलं तरी ती आली नाही; संच घेऊन जागा बदलत पॅरिसमधून संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरात ती पकडली गेली. 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली, तेव्हा ती तीस वर्षांची होती. 1949 साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

टेम्प्सफर्डच्या चर्चजवळ 2013 साली उभारलेल्या स्मारकावर अशा स्त्री एजंटांची नावं आहेत, नूरचंही. कोठार मात्र गावापासून दूर, खासगी शेतात. धावपट्ट्यांचा बराचसा भाग युद्धानंतर उखडला गेला. उरल्यासुरल्या काँक्रीटवरून ट्रॅक्टर जातात. कोठाराच्या आत भिंतींवर स्मृतिफलक लागले आहेत, आणि बाहेर एकेका माणसाच्या किंवा पथकाच्या नावाने लावलेली झाडं आहेत.

आता गावापुढे वेगळाच प्रश्न आहे. टेम्प्सफर्डचं जुनं स्टेशन 1956 साली बंद पडलं; इथे ऑक्सफर्ड-केंब्रिज रेल्वेसाठी नवं स्टेशन येऊ घातलं आहे, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सरकारच्या समितीने नव्या शहरांसाठी सुचवलेल्या बारा जागांत टेम्प्सफर्डचं नाव आलं. घरं हवीच आहेत. इंग्लंडच्या तरुणांना घर घेणं किती अवघड झालंय हे तिथल्या मराठी कुटुंबांनाही ठाऊक आहे. पण आराखड्याच्या कागदावर पहिली रेघ ओढली जाईल तेव्हा ते कोठार, भोवतालची झाडं आणि तिथवर जाणारी पायवाट आधी आखली जावी, आणि कोठारावरून एव्हर्टनच्या टेकडीकडे पाहिलं तर मधलं मैदान मोकळं दिसावं. रस्ते आणि घरं त्यानंतर मांडता येतील.