50 मीटर, तीन पोझिशन आणि एक टीसी

होस्टेलवर क्रिकेटवर रात्री दोनपर्यंत वाद घालणारे पुष्कळ, पण शूटिंगचं नाव काढलं की लोकांना पिक्चरचं शूटिंग आठवतं! म्हणून हा लेख. मराठी कॉन्व्हेंटवालं आहे, सांभाळून घ्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. 2009 साली वडिलांनी त्याला क्रीडा प्रबोधिनीत घातलं, 2015 पासून तो मध्य रेल्वेत टीसी. (आपली परभणी दक्षिण मध्य रेल्वेत येते, त्यामुळे आपल्यापैकी काहीजण त्याच्या तावडीतून वाचले!) 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने ब्राँझ मिळवलं. 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राचं हे दुसरंच वैयक्तिक मेडल. मध्ये 72 वर्षं गेली.

आता ही भानगड काय ते बघू. ट्रॅपमध्ये उडती चकती फोडतात. 2004 ला अथेन्समध्ये रशियाच्या अलेक्सी अलिपोवने 150 पैकी 149 फोडल्या होत्या. तिथे चपळाई लागते, इथे मात्र हलायचंच नाही. गुडघ्यावर, मग पालथं झोपून, मग उभं राहून नेम धरायचा. टार्गेट 50 मीटरवर, आणि मधलं दहाचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाचं बटण. जरा गणित करा. नळी एक मीटरची धरा. तिचं टोक 0.1 मिलिमीटर हललं, म्हणजे एका केसाइतकं, तर 50 मीटरवर गोळी 5 मिलिमीटर सरकते. फायनलमध्ये पॉईंट दशांशात मोजतात, तिथे अर्ध्याहून जास्त पॉईंट गेलाच की! उभ्याने तर शरीराचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर जातो, अंग डुलतं, छातीतली धडधडसुद्धा बंदुकीत उतरते. म्हणून श्वास रोखून, दोन ठोक्यांच्या मध्ये ट्रिगर दाबतात.

स्वप्नील फायनलला आला तोच सातव्या नंबरने. गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा, झोपून पाचवा, आणि सगळ्यात अवघड अशा उभ्या पोझिशनमध्ये तिसरा! एकूण 451.4. त्याच्या कोच दीपाली देशपांडे मॅडम स्वतः अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या.

त्यानंतर मिरवणुका, बक्षिसं, रेल्वेत प्रमोशन, अर्जुन पुरस्कार, सगळं झालं. पण मला खटकतं ते वेगळंच. 2022 ला कैरोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये हाच मुलगा चौथा आला आणि भारताला ऑलिम्पिकचा कोटा मिळवून दिला. 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आघाडीवर असताना उभ्याने एक शॉट बिघडला आणि पुन्हा चौथा. टीमचं गोल्ड तिथे मिळालं होतं, तरी आपल्यापैकी कितीजणांना त्याचं नाव ठाऊक होतं? तिसरा आणि चौथा यांच्यात अंतर असतं काही मिलिमीटरचं, पण लोकप्रियतेत मात्र सगळी मिरवणूक!

आपल्यात एनसीसीवाले आहेत, त्यांनी पॉईंट टू टू रायफल हातात धरलेली आहे. अंजली भागवतसुद्धा एनसीसीतूनच पुढे आल्या. पुढच्या कॅम्पला फायरिंग असेल तेव्हा झोपून पाच गोळ्या झाल्या की उभं राहून नुसता नेम धरून बघा, मिनिटभर.