थंडीतली दाढी

थंडीच्या दिवसांत दाढी झाल्यावर गाल ओढल्यासारखे होतात, हनुवटीखाली आग होते आणि ओठांच्या कडेला पांढरा भुरका धरतो. दोष पात्याला दिला जातो आणि घरात आणखी महागडे रेझर येते. खरे कारण हवेत असते. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरू शकते. 10 अंशांना जेमतेम साडेनऊ ग्रॅम. देशावर हिवाळ्यात उत्तरेचे वारे येतात तेच मुळी कोरडे. म्हणून मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत निभावून जाणारी दाढी निफाडच्या गारठ्यात झोंबते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी भरते. विटांच्या भिंतीत चुना असावा तसे या पेशींच्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले भरलेली असतात. आतले पाणी बाहेर जाऊ न देणे हे त्यांचे काम. पाते फिरते तेव्हा केसांबरोबर या थराचाही काही भाग खरवडून निघतो. एरवी घाम आणि त्वचेचे तेल ही तूट झाकून घेतात. थंडीत दोन्ही कमी पडतात. त्यात बंबातले कढत पाणी चेहऱ्यावर घेतले की उरलेसुरले तेलही धुऊन जाते. अंगाच्या साबणाचीही तीच गत: निरोगी त्वचेचा सामू 5 च्या आसपास असतो, तर साध्या साबणाचा 9 ते 10.

दाढीचा निम्मा निकाल पाते लागण्याआधीच लागलेला असतो. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला. कोरडा असताना तो चिवट असतो. पाणी शोषून फुगला की मऊ पडतो आणि थोड्या जोरातही कापला जातो. त्यासाठी त्याला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. चेहऱ्यावर पाण्याचा हबका मारून लगेच रेझर लावणे म्हणजे कोरडीच दाढी करणे. आंघोळीनंतरची वेळ उत्तम. ते जमत नसेल तर कोमट पाण्यात पिळलेला पंचा गालांवर धरावा. फेसाचे काम केसातले पाणी टिकवणे आणि पाते घसरते ठेवणे एवढेच. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियम क्षार असतात, म्हणून त्याचा फेस दाट होतो आणि टिकतो. तरीही कोरड्या हवेत पहिला गाल होईपर्यंत दुसऱ्यावरचा फेस सुकू लागतो. तिथे ओला ब्रश पुन्हा फिरवावा. सुकल्या फेसावर पाते ओढू नये.

सलूनमध्ये ‘उलटा हात मारू का?’ असे विचारतात. हिवाळ्यात याचे उत्तर ‘नको’ हेच असावे. केसांच्या दिशेने फिरवलेला सुलटा हात थोडे खुंट मागे ठेवतो. उलटा हात गाल गुळगुळीत करतो, पण वरचा थर जास्त सोलतो. शिवाय केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेला, तर वाढताना तो आतच वळतो आणि मानेवर लालसर पुटकुळ्या उठतात. कुरळ्या दाढीला हा त्रास अधिक. केसांची दिशा सगळीकडे एक नसते: गालावर ते खाली वळलेले असतात, तर गळ्यावर आडवे किंवा चक्क वर. दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवले की ती कळते. पाते बोथट झाले की हात आपोआप जोर लावू लागतो. तेव्हा ते बदलावे. रोज दाढीची सक्ती नसेल तर एक दिवसाआड करणे त्वचेला मानवते.

दाढीनंतर तुरटीचा खडा चेहराभर फिरवायची सवय अनेकांना असते. तुरटी त्वचा आकसते आणि बारीक जखमेचे रक्त थांबवते, पण थंडीत ती कोरडेपणा वाढवते. कापले असेल तेवढ्यावरच टेकवावी. स्पिरिट असलेले आफ्टरशेव्ह हिवाळाभर कपाटात राहिले तरी बिघडत नाही. लिंबाची फोड तर सोललेल्या त्वचेवर मुळीच चोळू नये.

चेहरा टिपून घ्यावा आणि ओलसर असतानाच त्यावर स्निग्ध काहीतरी लावावे. ग्लिसरीन पाणी ओढून धरते, मात्र ते पाण्यात पातळ करून लावणे बरे. व्हॅसलीन (रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेली पेट्रोलियम जेली) पाणी उडू देत नाही. कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल फुटलेल्या ओठांना आणि टाचांना लावतात. त्यामागचे तत्त्वही तेच. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठते, म्हणून तळहातावर विरघळवून घ्यावे लागते. मुरुमांची त्वचा असेल तर ही जड तेले टाळून बिनवासाचे हलके मॉइश्चरायझर पुरते.

सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे पाते लावले जाते की नाही, हे समोर पाहून घ्यावे. रक्त लागलेल्या पात्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो. आणि पुटकुळ्यांत पू झाला, त्या पसरू लागल्या किंवा खाज थांबेना, तर घरगुती लेप करत न बसता रेझर बाजूला ठेवावे आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.