नोटरीच्या शिक्क्याने जमीन आपली होते का?

मंडळी, आपल्या मुरुडात वाडीचा व्यवहार झाला की कानावर येतं, ‘नोटरी केलीय, जागा माझी झाली.’ तसं नसतं हो.

नोटरी म्हणजे १९५२ च्या कायद्याखाली सरकारने नेमलेला, बहुधा वकीलच. वकिलीची निदान १० वर्षं लागतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांना ७. प्रमाणपत्र ५ वर्षांचं, पुढे नूतनीकरण.

त्याचं काम काय? सही करणारा समोर आहे, तो तोच आहे, हे बघून नोंदवहीत लिहायचं. म्हणून घरी सही करून कागद पाठवू नका. जागा कोणाची, हे तो ठरवत नाही.

जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकांकडेच नोंदवावं लागतं, १९०८ चा नोंदणी कायदा तेच सांगतो. तेव्हा आधी सातबारा बघा, मगच पैसे मोजा.