डब्यातली भाकरी लाजेची नाही

मधल्या सुट्टीत डबा उघडला की काही मुले भाकरी झाकून खातात. शेजारच्याच्या डब्यात नूडल्स किंवा क्रीमची बिस्किटे असतात आणि भाकरी म्हणजे गरिबाचे खाणे, असा समज मुलांच्याही मनात बसलेला असतो. जामखेडसारख्या ज्वारीच्या पट्ट्यात असे व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे.

याच जामखेडमध्ये 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा गावोगावी बालकांचे कुपोषण हा मोठा प्रश्न होता. गावातल्याच, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या महिलांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले गेले. त्या घरोघरी जाऊन मुलांचे वजन करत आणि आहाराविषयी समजावून सांगत. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुलाला काय खायला द्यावे हे गावातल्या बाईला नीट कळले, तर ती ते घडवून आणू शकते, हे जामखेडने साऱ्या जगाला दाखवले.

आता डब्याचा हिशेब पाहू. सरकारी शाळांच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने असे आहे. घरच्या डब्यालाही हेच माप लावावे.

ज्वारीच्या 40 ग्रॅम पिठाच्या लहान भाकरीतून सुमारे 4 ग्रॅम प्रथिने मिळतात. 20 ग्रॅम मटकीच्या उसळीतून साधारण 4 आणि मूठभर, म्हणजे 20 ग्रॅम, शेंगदाण्यांच्या चटणीतून साडेचार ते पाच. बारा भरले! सोबत एक केळे दिले की कॅलरीही जवळपास पूर्ण होतात. याउलट सहा ग्लुकोज बिस्किटांतून जेमतेम 2 ग्रॅम प्रथिने मिळतात. बाकी मैदा आणि साखर. अंडे खाणाऱ्या घरात एका उकडलेल्या अंड्याने 6 ग्रॅमची भर पडते.

दुसरा प्रश्न लोहाचा. 2016 ते 2018 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील पाच ते नऊ वयोगटातील जवळपास चौथा हिस्सा मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. कडधान्ये आणि पालेभाज्यांतले लोह शरीराला सहज मिळत नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते जास्त शोषले जाते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे किंवा डब्यात पेरूची फोड द्यावी. मोड आणल्यानेही लोह मिळणे सोपे होते. जेवणाबरोबर मात्र चहा देऊ नये; चहामुळे लोहाचे शोषण कमी होते.

भाकरी कडक होते, ही तक्रार खरी आहे. पीठ उकळत्या पाण्यात मळून भाकरी पातळ थापावी आणि गरम असतानाच तेल किंवा तूप लावावे. नाहीतर ज्वारी-बेसनाचे धपाटे करावेत. त्यात मेथी किंवा शेपू सहज खपते. एके दिवशी धपाटे, दुसऱ्या दिवशी मूगडाळीची खिचडी, कधी पोळी आणि घट्ट पिठले, गोड म्हणून शेंगदाणा-गुळाचा लाडू, असा फेर ठेवला की मूल कंटाळत नाही. रानात लवकर जाणाऱ्या आईला मटकी रात्रीच भिजवून मोड आणून ठेवता येते.

थोडी काळजीही हवी. बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे टाकून द्यावेत. उन्हाळ्यात दुधाचे पदार्थ आणि आदल्या रात्रीचा भात डब्यात देऊ नये. अन्न गरम असताना झाकण लावू नये. वाफ कोंडून ते लवकर आंबते.

मूल लवकर थकत असेल, नखे आणि ओठ फिके दिसत असतील किंवा ते माती खात असेल, तर ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी आणि जंतनाशक गोळी चुकवू नये.

संध्याकाळी डबा परत आला की उघडून पाहावा. काय उरले आणि का उरले, हे मुलालाच विचारावे. उद्याचा डबा कसा असावा, हे त्याच्या उत्तरातून कळते.