२०० विरुद्ध ४८

नाशिकच्या एम.जी. रोडवर मोबाइल घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक कॅमेऱ्याचं नाव निघालं की आधी मेगापिक्सेल विचारतं. २०२४च्या जानेवारीत आलेल्या सॅमसंग गॅलॅक्सी एस२४ अल्ट्राचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा. त्याच्या काही महिने आधी आलेल्या आयफोन १५ प्रो मॅक्सचा ४८चा. सामना एकतर्फीच वाटतो ना? पण दोन्ही फोनमधल्या सेन्सरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या तुकड्याचं, माप काढलं की चक्रावायला होतं. दोन्ही जवळपास सारखेच आहेत: सुमारे ९.८ मिलिमीटर लांब, ७.३ मिलिमीटर रुंद. करंगळीच्या नखाएवढे!

तेवढ्याच जागेत सॅमसंगने २० कोटी पिक्सेल बसवलेत, ॲपलने ४ कोटी ८० लाख. त्यामुळे सॅमसंगचा एकेक पिक्सेल जेमतेम ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आयफोनचा १.२२चा. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबीच ०.६५ मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे सॅमसंगचा पिक्सेल तांबड्या प्रकाशाच्या एका लाटेपेक्षाही लहान! दिवस कलला की इतक्या बारक्या पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश येणार तो किती? म्हणून सॅमसंग शेजारचे १६ पिक्सेल मिळवून एक करतो, आयफोन ४ मिळवून एक. आता हिशेब करा. सोळांचा मिळून २.४ मायक्रॉनचा चौकोन होतो आणि चारांचा २.४४चा. एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी वेगवेगळ्या वाटांनी निघाले आणि पोचले एकाच मुक्कामाला. वर गंमत अशी, की आपण काही न बदलता काढलेला सॅमसंगचा फोटो १२ मेगापिक्सेलचा असतो आणि चांगल्या उजेडात आयफोनचा २४चा.

मग दोघांचे फोटो वेगळे का दिसतात? कारण सेन्सरला रंग कळतच नाही. त्याला कळतो फक्त उजेड कमी की जास्त. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी पिक्सेलवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्या बसवायची युक्ती काढली. तिचं पेटंट १९७६चं. प्रत्येक पिक्सेल तिन्हींपैकी एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. आपल्या फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती हा गणिताने बांधलेला अंदाज असतो, आणि तरीही आईच्या साडीचा रंग आपण लगेच ओळखतो!

हे गणित पणाला लागलेलं पाहायचं तर नाशिकच्याच पांडवलेण्यांवर चढा. तीन नंबरच्या लेण्यात, जिथे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आतल्या दालनात उभं राहून दाराकडे फोन धरा. आत काळोख, बाहेर टळटळीत ऊन. एकाच चौकटीत दोन्ही सांभाळणं या सेन्सरला जड जातं. म्हणून फोन एका दाबासरशी अनेक चौकटी घेतो, हाताच्या थरथरीने सरकलेल्या चौकटी एकमेकींवर नेमक्या बसवतो आणि त्यांचा एक फोटो करतो. दालन किती उजळायचं, आकाश किती निळं ठेवायचं, हे मात्र कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच ठरवलेलं असतं. खरी तुलना इथे सुरू होते, त्यांच्या आवडीनिवडींची. मला स्वतःला लेण्यातला काळोख काळोखच राहिलेला आवडतो. भिंत ट्यूबलाइट लावल्यासारखी उजळली, की जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला तो दगड परका वाटू लागतो.

याच लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी चित्रपटकार दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली. कित्येक दिवस त्यांनी काही क्षणांत दाखवले. खिशातला फोन अनेक चौकटी जोडून एकच क्षण दाखवतो. फाळक्यांना हा फोन दाखवता आला असता तर!

कधी फोन चौकटी जोडण्याच्याही पुढे जातो. चंद्र ओळखून त्याचे तपशील आपला फोन एआयच्या मदतीने ठळक करतो, हे सॅमसंगने २०२३मध्ये स्वतःच सविस्तर सांगितलं. त्यामुळे चंद्राच्या फोटोवरून कॅमेऱ्याची पारख करू नका, आणि मेगापिक्सेलवरून तर नकोच. दुकानदाराला विनंती करून मनात असलेले दोन फोन बाहेर न्या. सोबतच्या घरच्या माणसाचा चेहरा उन्हात टिपा, मग सावलीत, आणि फोटो मोठा करून केस आणि त्वचा बघा. मुख्य कॅमेऱ्यापुरते सॅमसंग आणि आयफोन तुल्यबळच निघाले. ज्यात आपलं माणूस आपल्याला दिसतं तसं दिसेल, तो फोन घ्या.